नीतीची पेटी आणि किल्वेची मुलं

सान्तियागो, १२ एप्रिल

प्रिय एदेल्मिरा मावशी,

फोनवरच्या संदेशांना तू उत्तर देत नाहीस, कागद-पाकीट वापरलं तरच देतेस, म्हणून वर्गातून आल्या आल्या लिहायला बसले आहे. तुझ्या हजेरीपटांचे फोटो मिळाले. सहा वर्षांचे, आणि एकही पान गहाळ नाही! आमच्या विद्यापीठात मागच्या महिन्याचा कागद शोधायला तीन माणसं लागतात.

शिक्षण कार्यालयाची परवानगी आली आहे आणि मुलांची नावं आम्ही काढून टाकली आहेत. ठेवलंय ते एवढंच, की मूल कितवीत आहे, कुठल्या गावचं आहे आणि किती दिवस गैरहजर होतं. माझे विद्यार्थी यावरून संगणकाला शिकवणार आहेत, की कोणतं मूल शाळा सोडायच्या बेतात आहे ते आधीच ओळखायचं. म्हणजे तुम्हाला त्या मुलाकडे वेळेवर लक्ष देता येईल. सत्तावीस वर्षं शाळेच्या दारात उभी राहून तू जे नुसत्या नजरेने ओळखत आलीस, तेच.

पण माझा वैताग वेगळाच आहे. यंदा विभागाने फर्मान काढलंय की असलं काही शिकवायचं तर ‘नीतिसंच’ वापरलाच पाहिजे. नीतिसंच म्हणजे एक पेटी. आत अठ्ठेचाळीस पत्ते, हिरव्या-पिवळ्या-लाल टिकल्या आणि एकतीस प्रश्नांचा फॉर्म. पत्ता उचलायचा, मोठ्याने वाचायचा, गटात चर्चा करायची, टिकली चिकटवायची. “या यंत्रामुळे कोणाचं नुकसान होऊ शकतं?” हे सकाळी साडेआठला वीस झोपाळू पोरांना विचारून बघ. एकजण म्हणाला, “आमचं, मॅडम. आमचा नाश्ता बुडाला.” भाषांतर तर असं दिव्य, की एका पत्त्यावर “आपल्या भागधारकांना मिठी मारा” असं छापलंय. मुळात काय होतं देव जाणे. आमचे विभागप्रमुख उर्रेहोला सर म्हणतात, “दानित्सा, फॉर्म पूर्ण भरलेला हवा, आणि चर्चा करतानाचे फोटोसुद्धा हवेत.” फोटो!

ईस्टरला फोन करीन. आई तुझ्या गुडघ्याची चौकशी करते आहे.

तुझी,
दानित्सा

मेलिको, ६ मे

दानी पोरी,

गुडघा आहे तिथेच आहे. तुझ्या आईला म्हणावं स्वतःच्या रक्तदाबाकडे बघ.

ईस्टरच्या फोनवर धड बोलणं झालंच नाही. तू “मुलं कशी आहेत?” म्हणालीस, मी “बरी आहेत” म्हणाले, तेवढ्यात तुझ्या आईने फोन ओढला आणि पाऊण तास मिलकावाच्या भाकरीत बटाटा किसून घालायचा की उकडून, यावर माझ्याशी भांडली. दोन्ही घालतात! साठी आली तरी बाईला कळत नाही.

तुझ्या पेटीचं वाचून मी आणि वसतिगृहाची स्वयंपाकीण पोट धरून हसलो. मिठीचा पत्ता आम्हाला पाठव, आमच्या मुख्याध्यापकांना देते. पण एक सांगते. प्रश्न वाईट नाही तो, नुकसानीचा. उगाच हसू नकोस पोरांबरोबर तूसुद्धा.

इकडे हवा फार वाईट आहे. एप्रिलपासून तीन सोमवार वादळाने बंदर बंद होतं. किल्वे बेटाची मुलं शनिवार-रविवार घरी गेली ती तिकडेच अडकली. बुधवारी आली, निम्मी ओली. यास्ना चिग्वाय म्हणून एक तेरा वर्षांची आहे, तिने बूट काढून चुलीपाशी ठेवले आणि मला म्हणते, “बाई, सोमवारचं गणित आधी सांगा, मग कपडे बदलते.” अशी पोरं आहेत.

वहीतलं काही अडलं तर विचार. माझं अक्षर सगळ्यांना लागत नाही.

मावशी

सान्तियागो, ९ जून

प्रिय मावशी,

संपलं एकदाचं! पेटी बंद, फॉर्म भरून आमचं नीतिपत्र तयार, एकतीसच्या एकतीस टिकल्या हिरव्या. उर्रेहोला सरांनी विभागाच्या बैठकीत आमच्या वर्गाचं नाव घेतलं. शिक्षण कार्यालयातले गोदोय साहेब स्वतः आले होते, ते म्हणाले, “असं नीतिपत्रासकट काम पहिल्यांदाच पाहतोय.” पुढच्या सत्रापासून ते तुमच्याच भागात वापरून बघणार आहेत. तुला आनंद होईल म्हणून घाईने कळवते आहे.

शेवटचा आठवडा मात्र नको झाला होता. सायेन नावाची एक विद्यार्थिनी आहे, हुशार, पण प्रत्येक पत्त्यावर अडून बसणार. “मॅडम, हे आपण खरंच विचारलंय का कोणाला? मॅडम, याचा अर्थ काय?” बाकीची पोरं सुस्कारे टाकतात. शुक्रवारी फॉर्म द्यायचा आणि गुरुवारी हिची टिकली पिवळी! शेवटी मीच बसून सोडवलं ते.

तुझ्या यास्नाला सांग, गणितात असंच डोकं राहू दे, पुढे माझ्याकडे ये म्हणावं.

दानित्सा

मेलिको, ४ ऑगस्ट

दानित्सा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. पहिल्यात शिव्या फार झाल्या होत्या, दुसऱ्यात कमी.

जुलैतल्या हिवाळी सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी गोदोय साहेब एक यादी घेऊन आले. वसतिगृहातल्या चाळीस खाटांपैकी तेरा रिकाम्या करायच्या. तेरा नावं. त्यातली अकरा किल्वेची. किल्वेहून आमच्याकडे मुलं येतात तीच मुळी अकरा.

मी म्हटलं, “साहेब, ही मुलं राहणार कुठे?”

“त्यांना रोजच्या बोटीने येता येईल की. बाई, जागा कमी आहेत. जी मुलं तशीही शाळा सोडणार, त्यांच्यासाठी खाट अडवून ठेवायची आणि टिकणाऱ्या मुलाला नाही म्हणायचं, हे बरोबर आहे का?”

“शाळा सोडणार हे कोण म्हणालं?”

“यंत्राने काढलंय. विद्यापीठाचं काम आहे, नीतिपत्र आहे सोबत. तुम्हाला तर ठाऊकच असेल.”

“मला कसं ठाऊक असेल?”

तर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. तिसरं पान. ‘संबंधित लोकांशी विचारविनिमय झाला का?’ पुढे हिरवी टिकली, आणि खाली, ‘होय. ए. नाहुएल्केन, स्थानिक प्रतिनिधी.’

दानित्सा, मी कोणाची प्रतिनिधी? कधी झाले? मला काय विचारलंस तू? सांग ना. मिलकावाबद्दल विचारलं होतंस?

आता ऐक. हजेरीपटात दोनच खुणा असतात, हजर आणि गैरहजर. तिसरी खूण सरकारने दिलेली नाही. बंदर बंद असलं की किल्वेचं मूल गैरहजरच लागतं, बोट सुटत नाही तर ते पोहत येणार आहे का? म्हणून त्या प्रत्येक दिवशी मी समासात पेन्सिलीने ‘बंदर बंद’ लिहिते. सत्तावीस वर्षं लिहिते आहे. तुला पाठवलेल्या एकेका पानावर लिहिलेलं आहे. तुझ्या वीस पोरांपैकी एकाच्याही डोळ्यांना ते दिसलं नाही?

मुलं सामान बांधत होती तेव्हा कोणी रडलं नाही. यास्नाने उशीचा अभ्रा धुऊन, घडी घालून परत दिला. मला विचारते, “बाई, माझं काय चुकलं?” मी काय सांगायचं होतं? की माझी भाची फार शिकलेली आहे?

एदेल्मिरा

सान्तियागो, १३ ऑगस्ट

मावशी,

तुझा राग समजतो, पण सगळं माझ्या अंगावर टाकू नकोस. आम्ही यादी केली होती ती मदत करण्यासाठी. कोणाकडे लक्ष द्यावं, एवढंच. फॉर्मच्या सत्ताविसाव्या प्रश्नात मी स्वच्छ लिहिलंय की ‘हे काम कोणाची सवलत काढून घेण्यासाठी वापरू नये.’ गोदोय साहेबांनी ते वाचलं नाही तर त्याला मी काय करू? त्यांनी तिसरं पान बरं वाचलं.

तुझ्या नावाचं म्हणशील तर, आपण बोललो होतो. ईस्टरला मी मुलांबद्दल विचारलं होतं, तू सांगितलंस. फॉर्ममध्ये ‘किती वेळ बोललात’ असा प्रश्नच नाही. सगळे असंच भरतात. एकतीस प्रश्न, दोनशे वह्या तपासायच्या, त्यात प्रमुखांना फोटो हवेत. तू एकदा इथे येऊन माझा आठवडा बघ, मग बोल.

आता ते परत घेणं माझ्या हातात नाही. उर्रेहोला सरांनी ते काम विभागाच्या अहवालात घातलं आहे. मी गोदोय साहेबांना एक विनंतीपत्र पाठवते.

दानित्सा

मेलिको, २५ ऑगस्ट

दानित्सा,

तुझं विनंतीपत्र आलं असेल तर ते साहेबांच्या फायलीत आहे. मुलं तिथे नाहीत.

यास्ना बारा दिवस रोजच्या बोटीने आली. साडेपाचला किल्वेच्या धक्क्यावर, सव्वासातला इथे, संध्याकाळी परत तेवढंच. वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटायचे. तेराव्या दिवशी बंदर बंद. चौदाव्या दिवशी बंद. नंतर बोट आली, त्यात ती नव्हती. मी बोटवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “आईबरोबर शेवाळ गोळा करायला जाते आता. थकली पोरगी.”

आणखी दोघं येईनाशी झाली आहेत.

तुझ्या यंत्राने सांगितलं होतं, ही मुलगी शाळा सोडेल. सोडली. परवा गोदोय साहेब आले होते, आम्हा सगळ्यांना म्हणाले, “बघा, किती अचूक आहे.”

मला आता लिहू नकोस. लिहायचं असेल तर त्यांना लिही.

एदेल्मिरा नाहुएल्केन

सान्तियागो, १५ सप्टेंबर

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. तू विचारलंस ना, की वीस पोरांपैकी एकालाही पेन्सिलीचं अक्षर दिसलं नाही का? दिसलं होतं. सायेनला दिसलं होतं. जूनच्या त्या गुरुवारी ती फोटो मोठा करून माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, समासात काहीतरी लिहिलंय. प्रत्येक पानावर आहे. अक्षर लागत नाही. तुमच्या मावशींना फोन करूया का?” मी म्हटलं, “समासासाठी आपल्याकडे रकाना नाही. उद्या फॉर्म द्यायचाय. सोड.” ती म्हणाली, “मग मी हिरवी टिकली लावणार नाही.” मी तिच्या हातातून पेटी घेतली आणि टिकली मी लावली. तुझं नावही मीच लिहिलं. फोन माझ्या खिशात होता, मावशी. दोन मिनिटांचं काम होतं. मला भीती वाटली की तू काहीतरी सांगशील आणि मग शुक्रवार हुकेल.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी ते पर्समध्ये घेऊन हिंडले. मग वर्गात नेलं. पेटी उघडली, पण पत्ते काढले नाहीत. आमचाच फॉर्म सगळ्यांपुढे ठेवला आणि तिसऱ्या पानावर खोटं कोणी लिहिलं ते सांगितलं. कोणी हसलं नाही. नाश्तावाला पोरगा म्हणाला, “मॅडम, तेव्हा आम्हीही सुटलो म्हणून खूश झालो होतो.” सायेनने फोटो उघडले आणि सगळ्यांना पानं वाटून दिली.

दोन आठवडे आम्ही समास वाचत होतो. किल्वेच्या मुलांच्या दर पाच गैरहजेऱ्यांमधल्या चार बंदर बंद असतानाच्या आहेत. त्या वजा केल्या, तर ती मुलं शाळेसमोर राहणाऱ्या मुलांपेक्षाही नियमित आहेत. ज्या मुलांना यंत्राने सगळ्यात वर काढलं, ती तुझ्या शाळेतली सगळ्यात चिवट मुलं निघाली.

हे घेऊन उर्रेहोला सरांकडे गेले. ते म्हणाले, “चूक सगळ्यांकडून होते. पुढच्या आवृत्तीत एक पत्ता वाढवू.”

“सर, मुलं आत्ता वसतिगृहाबाहेर आहेत. फॉर्म परत घ्यायचा आहे.”

“फॉर्म परत घ्यायची पद्धत नाही, दानित्सा. तशी तरतूदच नाही त्यात.”

एकतीस प्रश्न आहेत मावशी, आणि चुकलो तर काय करायचं हे एकातही नाही. मी त्यांच्यासमोरच बसून शिक्षण कार्यालयाला लिहिलं, की तिसऱ्या पानावरचं उत्तर खोटं आहे, ते मी लिहिलं आहे, आणि या कामावर विसंबून कोणाचीही खाट काढू नये. सोबत समासाची नोंद आणि बंदराच्या तारखा जोडल्या. गोदोय साहेबांच्या वरच्या बाईंनाही पाठवलं. वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, सायेनने सगळ्यात शेवटी.

पुढच्या वर्षी हा विषय माझ्याकडे नसेल. सरांनी तसं सांगितलं, अगदी सौम्यपणे. त्याचं मला जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही.

मी येऊ का? यास्नाच्या घरी जायचं आहे. तू बरोबर असलीस तर बरं, नसलीस तरी जाईन.

दानी

मेलिको, २४ नोव्हेंबर

दानी,

तू परत सान्तियागोला सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. बोटीत तीनदा उलटी झाली हे तिला कशाला सांगितलंस? आता ती मला दोष देते.

आधी कामाचं. शुक्रवारी कार्यालयातून पत्र आलं. किल्वेच्या अकराही खाटा परत. तुझ्या पत्राचा त्यात उल्लेख नाही, चुकीचा तर नाहीच नाही. ‘हंगामी फेरनियोजन’ असं लिहिलंय. गोदोय साहेब स्वतः पत्र घेऊन आले आणि जणू त्यांनीच आणून दिल्यासारखे चहाला थांबले. मी चहा दिला. साखर दिली नाही.

आठ मुलं सोमवारी परत राहायला आली. उरलेल्या तिघांपैकी दोघं मार्चमध्ये येतील असं त्यांचे बाप म्हणतात. एकाचा बाप खरं बोलतोय असं मला वाटलं, दुसऱ्याचं नक्की नाही. त्याच्या पोराला मासेमारीच्या बोटीवर काम मिळालं आहे, पंधरा वर्षांचा आहे. मी पुन्हा जाणार आहे त्याच्याकडे. आणि तिसरी यास्ना.

तू किल्वेला उतरलीस तेव्हाच तुझा चेहरा उतरला होता, आणि तो काही नुसत्या लाटांमुळे नव्हता. मी तुला घरापर्यंत आणायचं, पुढे तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणून यास्नाने “यंत्राने मला किती आकडा दिला होता?” असं विचारल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. तू “शंभरात त्र्याऐंशी” सांगितलंस, कमी करून सांगितलं नाहीस. तिने लगेच विचारलं, “म्हणजे शंभर असते तर?” तू म्हणालीस, “शंभर म्हणजे नक्की सोडणार.” तिने मान डोलावली, गणित समजल्यावर डोलावते तशी. हे मी बघितलं, खिडकीच्या काचेत.

तुला एल्बाने, यास्नाच्या आईने, गरम भाकरी आणि शिंपल्यांचं सार वाढलं म्हणून तुला वाटलं असेल की तिने मनावर घेतलं नाही. तू धक्क्यावर पुढे गेलीस तेव्हा ती मला म्हणाली, “माणूस आलं की जेवायला वाढायचं असतं, म्हणून वाढलं.” आणि मग म्हणाली, “यादीसोबतच्या कागदावर तुमचं नाव आहे असं मी ऐकलं होतं, बाई. चार महिने मी तुमच्याबद्दल काय काय बोलले.” मी म्हटलं, “नाव माझं होतं. समासात लिहून गप्प बसले, ओरडून सांगितलं नाही, तेवढं माझंही चुकलं.” हे तुझ्यासाठी म्हणाले नाही. खरंच तसं वाटतं. पुढच्या वर्षी पेन्सिल नाही, लाल शाई, आणि कार्यालयाला दर महिन्याला वेगळं पत्र. ते वाचोत न वाचोत.

यास्ना मार्चमध्ये, नवं वर्ष सुरू झालं की, येणार आहे. तीच इयत्ता पुन्हा. चार महिने बुडाले ते कोणी भरून देत नाही, लहान मुलांबरोबर त्याच बाकावर बसावं लागेल. पुस्तकं तू पाठवलीस ती मिळाली, तिने वाचायला घेतली आहेत असं बोटवाला सांगतो.

तू निघताना तिची माफी मागितलीस. तेरा वर्षांच्या मुलीपुढे उभी राहून सरळ मागितलीस, ते मला आवडलं, हे मी इथे एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. ती म्हणाली, “काही हरकत नाही, ताई.” बोटीत तू माझा हात धरून तेच तेच सांगत होतीस, “मावशी, ती म्हणाली काही हरकत नाही.”

दानी, ती तसं सगळ्यांनाच म्हणते. बूट फाटले तरी, जेवण उरलं नाही तरी, खाट गेली तेव्हा मलासुद्धा तेच म्हणाली होती. मी तिला पहिलीपासून ओळखते.

हरकत आहे.

मार्चच्या पहिल्या सोमवारी ये. तिची पेटी जड असते, वसतिगृहाचा जिना उंच आहे आणि माझा गुडघा आहे तिथेच आहे.

मावशी